काठमांडूत व्हीआयपी, दिल्लीत?

फॉरिन ट्रिप हवी, पण व्हिसाची कटकट नको? मग काठमांडू बेस्ट! भारत-नेपाळचा १९५०चा मैत्री करार आपल्या कामी येतो. पासपोर्ट नसेल तर मतदार ओळखपत्रही चालतं. (‘आधार’वर मात्र विसंबू नका.)

त्रिभुवन विमानतळावर उतरले, तर व्हिसाच्या काउंटरपुढे ही भली मोठी रांग. गोरे बॅकपॅकर्स पंधरा दिवसांसाठी ३० डॉलर मोजत होते. मी आपली सरळ इमिग्रेशनला. काय भाव खाल्ला म्हणून सांगू!

परतीच्या विमानात शेजारी एक नेपाळी मुलगा होता. मांडीवर कागदांची फाइल. दिल्लीहून कतारला कामाला निघालेला. नेपाळींनाही भारतात यायला व्हिसा लागत नाही. पण भारतातून तिसऱ्या देशात नोकरीला जायचं, तर दिल्लीतल्या नेपाळी दूतावासाचं ना-हरकत पत्र लागतं. हेतू चांगला, मानवी तस्करी रोखण्याचा. पण कागद कमी पडला तर विमान चुकणार याचंच.

‘‘तुम्हाला असलं काही लागत नाही ना, दीदी?’’

मला नाही लागत. पण दहावी न झालेल्या आपल्याच कामगाराला आखातात नोकरीला जाताना सरकारी क्लिअरन्स लागतो. म्हणजे प्रश्न नुसता पासपोर्टचा नाही. फिरायला जाणाऱ्याला हसून ‘वेलकम’, राबायला जाणाऱ्याला ‘कागद दाखव’.

थामेलमध्ये मनसोक्त भटका, मोमोज हाणा. फक्त ‘आपल्याला कुठे व्हिसा लागतो!’ असं मिरवताना शेजारच्या सीटवरची फाइलही बघा.