माल्कमच्या माघारी

एसी/डीसी हा रॉक बँड माल्कम आणि अँगस यंग या भावांनी १९७३ साली सिडनीत उभा केला. शाळकरी गणवेशात रंगमंचभर उंडारणारा अँगस जगाला ठाऊक असतो. थोरला माल्कम मात्र मागे, अॅम्प्लिफायरजवळ उभा राहून रिदम गिटार वाजवायचा, कोरसपुरता माइकशी यायचा आणि पुन्हा जागेवर जायचा. बँडची सूत्रं मात्र त्याच्याच हातात होती.

त्याची गिटार पाहिली तरी माणूस कळतो. १९६३ची ग्रेच, लाल रंग खरवडून लाकूड उघडं केलेलं, जास्तीचे पिकअप काढून टाकलेले, एकच ठेवलेला. तारा जाड. आवाज ऐकणाऱ्यांना वाटतो तितका फाटलेला नाही, बराचसा स्वच्छ. एक भरघोस कॉर्ड आणि मग मोजून ठेवलेली शांतता, या दोन गोष्टींवर त्याची बहुतेक गाणी उभी आहेत. भजनात कान अभंगाकडे असतो, पण टाळ चुकला की सगळी मंडळी माना वळवतात. तसंच हे काम.

स्मृतिभ्रंशामुळे माल्कम २०१४ साली बँडमधून बाहेर पडला. त्याआधीच्या दौऱ्यातही स्वतःचीच गाणी त्याला नव्याने घोटावी लागत होती. १८ नोव्हेंबर २०१७ रोजी, ६४व्या वर्षी तो गेला. एव्हाना बँडही जवळपास मोडला होता. ड्रमर फिल रड कोर्टकचेरीत अडकून दौऱ्याबाहेर राहिला होता. गायक ब्रायन जॉन्सन कान जातील या भीतीने २०१६ साली थांबला आणि उरलेले कार्यक्रम अॅक्सल रोझने निभावले. दौरा संपल्यावर बासिस्ट क्लिफ विल्यम्सनेही निवृत्ती घेतली.

रड, जॉन्सन आणि विल्यम्स हे तिघेही परतले, आणि १३ नोव्हेंबर २०२० रोजी 'पॉवर अप' आला. व्हँकुव्हरमध्ये ब्रेंडन ओब्रायनच्या निर्मितीखाली ध्वनिमुद्रित झालेल्या या अल्बममध्ये १२ गाणी आहेत आणि बाराही माल्कम-अँगसच्या नावावर आहेत. हे श्रेय केवळ आदरापोटी दिलेलं नाही. दोघांनी वर्षानुवर्षं रचून बाजूला ठेवलेल्या रिफांचा मोठा साठा अँगसकडे होता, त्यातलं बरंचसं २००८च्या 'ब्लॅक आइस'च्या आधीचं. त्यातूनच ही गाणी निघाली.

माल्कमची वादनं जुन्या टेपवरून उचलून यात जोडता आली असती. बीटल्सनी १९९५ साली जॉन लेननच्या कॅसेटवरच्या आवाजाभोवती गाणं उभं केलंच होतं. अँगसने ते टाळलं. रिदम गिटार पुतण्या स्टीव्ही यंगने वाजवली. १९८८च्या अमेरिकी दौऱ्यातही काकाच्या जागी तोच उभा राहिला होता. हा निर्णय या अल्बममधला सगळ्यात शहाणपणाचा म्हणावा लागेल. रचना माल्कमच्या, हात जिवंत माणसाचा. त्यामुळे कुठेही भुताटकीचा वास येत नाही.

या बँडला शोक नवा नव्हता. गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८०मध्ये गेला आणि जुलैत 'बॅक इन ब्लॅक' बाहेर आला, काळ्या मुखपृष्ठासह, सुरुवातीला घंटेचे टोल. 'पॉवर अप' माल्कमसाठी तसाच आहे, असं अँगस सांगत आला. पण इथे टोल नाहीत की विलापगीतही नाही. सगळी गाणी नेहमीचीच, पार्टीची, वात्रटपणाची. नवं काहीच नाही ही तक्रार खरीच आहे, आणि काही गाणी एकमेकांत मिसळून जातात हेही खरं. पण जिवंतपणी माल्कमने जे वळण मोडू दिलं नाही, ते त्याच्या स्मरणार्थ मोडणं हा विचित्र सन्मान ठरला असता.

'बॅक इन ब्लॅक'ची उंची 'पॉवर अप'ला नाही. तरी ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि अमेरिका या तिन्ही देशांत तो पहिल्या क्रमांकावर गेला. ऐकायचा असेल तर अँगसचे सोलो सोडून खालच्या रिदमवर कान ठेवून ऐकावा. अल्बम खऱ्या अर्थाने तिथे आहे.