पाइपाचा बाक

आज अंथुर्ण्याच्या घराच्या स्लॅबवर पाइप टाकले. उद्या काँक्रीट. वायरमनदादांनी २५ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपात स्प्रिंग सरकवली, गुडघा लावला आणि हळूहळू बाक घेतला. सकाळच्या गारठ्यात पाइप कडक झाला होता, म्हणून आधी तळव्यांनी चोळून त्याला ऊब दिली. हवा त्यापेक्षा थोडा जास्तच वाकवला. सोडल्यावर तो मागे येतोच.

माझे वडीलही वायरमन. त्यांच्याकडे स्प्रिंग नव्हती. पाइपात वाळू ठासून, दोन्ही तोंडं बंद करून ते तो पाचटाच्या जाळावर फिरवत. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडतं. जरा जास्त वेळ धरलं की करपतं, आणि तो धूर विषारी. त्यांचा खोकला मला अजून ऐकू येतो. स्प्रिंगच बरी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. लोखंडी पाइपाला तर बेंडरच हवा. नुसत्या हाताने तो बाकावर चेपतो आणि वायर ओढताना तिचं आवरण सोलतं.

संध्याकाळी प्रत्येक बाकावरून बोट फिरवलं. एक चपटा लागला. दादांनी न बोलता तो कापून नवा बसवला.