वाकड्या काकडीची ग्रीक कोशिंबीर

काकडीचा चौथा तोडा झाला. वाकडी अन् जरा जून काकडी व्यापारी घेत नाही, घेतलीच तर तोडणीची मजुरीपण निघत नाही. म्हणून पाटीभर घरीच ठेवली अन् ग्रीस देशातलं 'त्झात्झिकी' करून बघितलं. आपल्या कोशिंबिरीचंच भावंड, फरक फक्त पाण्याचा.

काकडीत 95 टक्के पाणी. तशीच दह्यात घातली तर थोड्या वेळात सगळं पातळ होतं. आधी देठाकडचा तुकडा चाखा, कडू असेल तर ती काकडी बाजूला. मग जून बिया काढून किसा, मीठ लावून अर्धा तास ठेवा, फडक्यात घट्ट पिळा. दही रात्रभर टांगून चक्का करा, श्रीखंडाला करतो तसा. त्यात काकडी, ठेचलेला लसूण, लिंबू, चमचाभर तेल. तिकडं ऑलिव्हचं तेल अन् शेपू घालतात. शेपू आपल्या वाफ्यात आहेच, तेल मी करडईचं घातलं. चक्क्याचं गळलेलं पाणी भाकरीच्या पिठात.

मार्केटला आपण वजनावर पाणीच विकतो, दर पडला की तेही वाहून जातं. रस्त्यावरच्या ढाब्यावाल्याला डबाभर चवीला दिलंय. मागणी आली तर हिशोबासकट इथंच टाकतो.