जेत्यांची पुस्तके वाचताना

पदवीला मी रोमचा इतिहास हिंदी माध्यमातून शिकलो. तिथे विजयांच्या सनावळ्या पाठ झाल्या. जिंकलेल्या प्रांतांचे पुढे काय झाले, हे मूळ ग्रंथांच्या अनुवादांतून कळले. इ.स.पू. ५८ मध्ये सुरू झालेली गॉलची मोहीम ज्युलियस सीझरने स्वतःच लिहिली. गॉल लोकांची बाजूही तोच सांगतो. सिसिलीची प्रजा लुबाडणाऱ्या व्हेरेस या सुभेदारावर सिसेरोने इ.स.पू. ७० मध्ये खटला चालवला. ती भाषणे अवश्य वाचावीत. टॅसिटसने ‘अ‍ॅग्रिकोला’त ब्रिटनचा सुभेदार असलेल्या आपल्या सासऱ्याची थोरवी गायली, पण शत्रूच्या तोंडी रोमच्या लुटीची निंदाही घातली. तरीही तिघे रोमनच! जिंकलेल्यांचे पुस्तक यात एकही नाही. म्हणून कोणताही इतिहास वाचताना आधी विचारा, हा कोणी लिहिला? आणि ज्यांचे लिखाण उरले नाही, त्यांचे म्हणणे काय असेल?