गोधडीवरचे केस

पाळीव जनावराचा केस घरात दोन तऱ्हांनी मुक्काम करतो. एक कापडावर नुसता पडून राहतो, दुसरा कापडात शिरतो. मांजराची बारीक, मऊ लव पहिल्या जातीची. ती सोफ्यावर, उशीवर, काळ्या पँटवर धुरकट थर धरते आणि जरा वारा आला की जागा बदलते. आखूड केसांचा कुत्रा आणि शेळी यांचा केस ताठ असतो. तो सुईसारखा विणीत घुसतो आणि चिमटीत धरून ओढावा लागतो.

धाराशिव जिल्ह्यात हा दुसऱ्या जातीचा केस अधिक भेटतो. उस्मानाबादी शेळी बहुतेक काळीभोर, आखूड तुकतुकीत केसांची. २०२३ साली जिल्ह्याचे नाव बदलले, शेळीने मात्र जुनेच ठेवले. ही जात जुळ्यांसाठी नावाजलेली. थंडीच्या रात्री एवढीशी करडे घरात घेतली की पोत्यावरून गोधडीवर यायला त्यांना वेळ लागत नाही आणि सकाळी पांढऱ्या पलंगपोसावर काळ्या रेघोट्या उमटलेल्या असतात. दारात कारवानी कुत्रा असला तर त्याचे भुरे केस ओसरीवरच्या सतरंजीत. खंडोबाच्या या मुलखात कुत्र्याला घरातून हुसकायला माणसे जरा कचरतातच. अणदूर-नळदुर्गचा देव त्याला जवळचा मानतो, मग सतरंजीचे काय एवढे!

केस गळण्याचे वेळापत्रक दिवसाच्या लांबीवर चालते. उघड्यावर राहणारे जनावर वर्षातून दोनदा अंगावरचे आवरण बदलते: उन्हाळ्याच्या तोंडाशी दाट थंडीचे केस टाकते आणि पावसाळा सरता सरता हलके उन्हाळी केस. घरात, दिव्याच्या उजेडात लोळणाऱ्या मांजराचा हा हिशेब बिघडतो. ते बाराही महिने थोडे थोडे गळत राहते.

जुन्या माळवदाच्या घरात या गळतीची कोणी दखल घेतली नसेल. दगडी भिंती, वर मातीचे जड छत, खाली शेणाने सारवलेली जमीन, आणि आतल्याच अंगणात गोठा. पडलेला केस फड्याने निघे, उरलेला पुढच्या सारवणात जिरून जाई. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाने उमरगा-लोहारा भागातली अशी घरे मातीला मिळवली. त्यानंतर माळवदाचा धसका बसला आणि सिमेंटची घरे उभी राहिली. फरशी आली, फरशीवर गालिचा आला, पॉलिस्टरच्या मखमली कापडाचा सोफा आला. केस होते तेवढेच राहिले; ते दिसू लागले.

पॉलिस्टरची आणि केसाची ओढ ही कोरड्या हवेची करामत आहे. दोन्ही एकमेकांवर घासले गेले की केसावर धन आणि पॉलिस्टरवर ऋण विद्युतभार साचतो, आणि केस कापडाला चिकटून बसतो. दमट हवेत हा भार लवकर ओसरतो. बालाघाटाच्या कोरड्या पठारावर फाल्गुन-चैत्रात हवेत ओलावा नसतोच, आणि नेमकी तीच केस गळण्याची वेळ. झाडू फिरवला की केस उठतात, हवेत तरंगतात आणि पुन्हा त्याच सोफ्यावर येऊन बसतात. इथे झाडूचा जोर वाढवणे व्यर्थ. भार उतरवायला किंचित ओल पुरते: पाण्यात बुडवून घट्ट पिळलेले फडके, नाहीतर नुसता ओलसर तळवा. तो एकाच दिशेने, आपल्याकडे ओढत फिरवावा. केसांच्या वळकट्या होतात, त्या उचलून टाकाव्यात. रबराचा हातमोजा हेच काम आणखी चोख करतो. तो नसेल तर धुतलेल्या हवाई चपलेचा तळ. हे ऐकायला बरे वाटत नाही, पण रबराची पकड रबराचीच असते.

घुसलेल्या केसाची गोष्ट वेगळी. केसावर बारीक खवले असतात आणि त्यांची टोके शेंड्याकडे वळलेली असतात. त्यामुळे केस मुळाच्या दिशेने सहज सरकतो, उलटा सरकताना अडतो. माणूस सोफ्यावर बसतो-उठतो, दर वेळी केस थोडा आणखी आत जातो. म्हणून गालिचा वरून घासण्यापेक्षा पालथा टाकून पाठीवर काठीने बडवणे शहाणपणाचे. हादऱ्याने केस सुटतात आणि वजनाने खाली पडतात. मग सरळ करून ताठ ब्रशने विणीच्या उलट खरवडावे. व्हॅक्यूम क्लीनर असल्यास त्याची पाळी यानंतर. सोफ्याच्या फटीत बोटांना पॅकिंगची चिकटपट्टी उलटी गुंडाळून घालणे सगळ्यांत सोपे.

घोंगडीपुढे मात्र या हुशारीला थोडे नमते घ्यावे लागते. घोंगडी मुळात दख्खनी मेंढीचे केसच. खवल्यांना खवले अडकूनच लोकर घट्ट बसते, आणि मांजराचा केस त्याच गुंत्यात सामील होतो. ती गरम पाण्यात चोळली तर आटते आणि परका केस कायमचा आत कोंडला जातो. घोंगडी उन्हात टाकावी, काठीने झोडावी, कोरड्या फड्याने झाडावी. एवढे करूनही चार केस राहिलेच तर राहू द्यावेत. काळ्या घोंगडीत ते कोणाला दिसणार!

पाण्याची टंचाई या जिल्ह्याच्या पाचवीला पुजलेली, पण केसांच्या बाबतीत ती आड येत नाही. घट बसण्याआधी घरातले सगळे अंथरूण-पांघरूण धुवायला काढायची तुळजाभवानीच्या या भागात रीत आहे, आणि नवरात्राची ही धुणी केसांच्या दुसऱ्या गळतीच्या सुमारास येतात. पण धुण्याआधी गोधडी दोघींनी चार कोपरे धरून झटकली नाही, तर ओला केस कापडावर लिंपल्यासारखा बसतो आणि वाळल्यावरही सुटत नाही. धुलाई यंत्रात तोच केस जाळीत गोळा होऊन पाण्याची वाट अडवतो. पाणी शेवटी, हाच क्रम.

ज्यांना मांजराने शिंका येतात त्यांना नुसते केस काढून आराम पडत नाही. त्रास देणारे प्रथिन मांजराच्या लाळेत आणि कातडीतल्या ग्रंथींत असते. केस ते फक्त वाहून नेतो. अशा माणसाने झटकण्या-बडवण्याच्या वेळी लांब राहावे आणि जनावर ओसरीवर विंचरण्याचे काम दुसऱ्यावर सोपवावे. ओसरीवर कंगव्यात अडकलेला केस सोफ्यापर्यंत पोचत नाही, हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे.

जमलेले केस जाळू नयेत, घाण वास सुटतो. ते उकिरड्यात टाकावेत. शेणापेक्षा कुजायला ते पुष्कळ वेळ घेतात, पण केसात नत्र भरपूर असते, आणि शेतकऱ्याच्या घरी ते वाया घालवण्याचे कारण नाही.