आबांचं ऐकणं

माझ्या वडिलांचे कान गिरणीत गेले. परळच्या एका कापड गिरणीत ते साचाखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात होते. शेकडो साचे एका छताखाली चालायचे, धोटे आदळायचे आणि आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जायचा, तोही अख्खी पाळीभर. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी 90 डेसिबलची मर्यादा आहे. 100 डेसिबलमध्ये कामगारानं दोन तासांपेक्षा जास्त थांबू नये, असं तेच नियम सांगतात. आबांच्या खात्यात कानात कापसाचा बोळा घालण्यापलीकडे कुणी काही करत नसे. साचेवाले एकमेकांशी ओठांनी आणि हातांनी बोलत. जानेवारी 1982 मध्ये संप सुरू झाला आणि गिरणी कायमची सुटली. आबा तुर्भ्याच्या घाऊक बाजारात एका गाळ्यावर हिशेब लिहायला लागले, पुढे आम्ही सानपाड्यात राहायला आलो. आता त्यांच्या दोन्ही कानांत श्रवणयंत्रं आहेत.

‘त्यांना ऐकू येत नाही, मग गोंगाटाचा त्रास कसला?’ हा प्रश्न मला चांगल्या, शिकलेल्या माणसांनी विचारला आहे. म्हणून हे सविस्तर सांगते. गोंगाटानं कान जातात तेव्हा आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. स्वर ऐकू येतात. स, श, फ, क, त ही व्यंजनं हरवतात. आबांना यंत्राशिवाय ‘सानपाडा’ हे ‘आनपाडा’ असं ऐकू येतं. हळू आवाज पोचत नाहीत, पण मोठे आवाज मात्र तुम्हाआम्हाला लागतात तितकेच, कधी जास्तच लागतात. ऐकू न येणं आणि सहन न होणं यांच्या मधली पट्टी अरुंद झालेली असते. यंत्र या पट्टीत बोलणं बसवायचा प्रयत्न करतं. पंख्याची घरघर ते बऱ्यापैकी दाबतं. पण शेजारच्या फोनवर कुणी बोलत असलं किंवा गाणं चालू असलं, तर यातलं नको काय आणि हवं काय हे त्याला कळत नाही. दोन्ही मोठं होऊन कानात येतं. मग आबा यंत्र काढून खिशात ठेवतात, आणि त्याबरोबर माझं बोलणंही जातं.

बहीण ठाण्याला असते, त्यामुळे आम्ही सानपाड्याहून ट्रान्सहार्बरनं बऱ्याचदा जातो. तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, रबाळे, ऐरोली. पूर्वी या गाडीत आबा पुढच्या स्थानकाची घोषणा कान देऊन ऐकायचे आणि माझ्या आधी उठून उभे राहायचे. यंत्र बसवल्यानंतर त्यांना परत मिळालेली ही पहिली गोष्ट होती, आणि तिचा त्यांना फार आनंद होता. आता एका डब्यात चार फोन चार वेगवेगळ्या चित्रफिती वाजवतात. कुठे भक्तिगीत, कुठे क्रिकेटचं समालोचन, कुठे तेच हसू पुन्हा पुन्हा. घोषणा त्यात बुडून जाते.

मी एकदा समोरच्या मुलाला म्हटलं, ‘दादा, आवाज जरा कमी करता का? यांना त्रास होतोय.’ त्यानं आबांच्या कानाकडे पाहिलं आणि अगदी प्रामाणिकपणे विचारलं, ‘पण काकांना ऐकायला येत नाही ना?’ मी वर लिहिलं तेवढं सगळं त्याला सांगितलं. त्यानं फोन बंद केला आणि ऐरोलीपर्यंत यंत्राबद्दल विचारत राहिला. त्या मुलाच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. रेल्वे कायद्याच्या कलम 145 मध्ये उपद्रवाबद्दल शिक्षा आहे, पण प्रत्येक डब्यात कायदा उभा राहू शकत नाही. बोलायला बाजूचा माणूसच लागतो.

सानपाड्यात आवाज भरपूर आहेत आणि सगळ्यांबद्दल माझी तक्रार नाही. सायन-पनवेल महामार्ग इथूनच जातो. बाजाराचे ट्रक रात्री येणार, कारण मुंबईची सकाळची भाजी त्यांच्यावर आहे. गावठाणातल्या जत्रेचे ढोलही मला परके वाटत नाहीत. आबा तर गिरणगावात भजनी मंडळात टाळ वाजवायचे. संगीताचं वावडं आमच्या घरात कुणालाच नाही. मला छळतो तो आवाज, जो कुणाच्याच कामाचा नसतो आणि तरी सगळ्यांच्या कानावर घातला जातो.

आमच्या जवळच्या उद्यानात खांबांवर कर्णे लावले आहेत. सकाळी त्यांतून जुनी चित्रपटगीतं लागतात. त्याखालच्या बाकावर आबा आणि त्यांचे सोबती बसतात. बहुतेक गिरणी आणि बाजारातून निवृत्त झालेले, बहुतेकांचे कान अधू. घरी सून-मुलगा कामावर, नातवंडं शाळेत. दिवसभरातलं खरं बोलणं या बाकावरच होतं. कर्णा सुरू झाला की ही माणसं हातवारे करू लागतात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला रडू आलं. साचाखात्यातले तेच हात होते. आबा म्हणाले, ‘तिथं निदान पगार मिळायचा गं.’

मग मी नियम वाचायला बसले. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबल. 18 जुलै 2005 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचताना मात्र मी मध्येच थांबले. त्या याचिकेच्या मुळाशी बलात्कार झालेली तेरा वर्षांची मुलगी होती. ती मदतीसाठी ओरडत होती आणि शेजारच्या ध्वनिक्षेपकाच्या गाण्यात तिचा आवाज कुणाला ऐकू गेला नाही. न्यायालयानं म्हटलं की बोलण्याचं स्वातंत्र्य आहे, पण दुसऱ्याला ऐकायची सक्ती करता येत नाही. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकरांच्या याचिकेवर 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सविस्तर आदेश दिले. जानेवारी 2025 मध्ये त्याच न्यायालयानं ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असं सांगितलं, आणि तक्रारदाराचं नाव उघड करू नये असंही. हे शेवटचं मला फार मोलाचं वाटतं. वस्तीत राहून तक्रार करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच दुकानातून दूध आणायचं असतं.

गणपतीत मी तक्रार केली नाही, आधीच मंडळाच्या बैठकीला गेले. आबांना बरोबर नेलं. त्यांनी यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि ते काय करतं ते पोरांना सांगितलं. पोरांनी भिंतीसारखे रचलेले बेसचे ध्वनिक्षेपक कमी केले, उरलेल्यांचं तोंड इमारतींकडून मैदानाकडे वळवलं. विसर्जनाला ढोल-ताशा होताच. तो दुरून ऐकून आबांनी मांडीवर ठेका धरला.

उद्यानाचा प्रश्न अजून तसाच आहे. अर्ज आबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिला आहे, बाजारातल्या वहीसारख्या सरळ ओळींत. गाणी बंद करा असं त्यात म्हटलेलं नाही. बाकांजवळचे दोन कर्णे काढा, चालण्याच्या वाटेवरचे राहू द्या, एवढंच आहे. सह्या गोळा करणं चालू आहे. चालायला येणाऱ्या काही बायकांनी सही केली नाही, कारण त्या गाण्यांवर त्यांची पावलं पडतात. त्यांच्याशी बोलायला मी या रविवारी जाणार आहे, आबांना घेऊनच.