वहीत न उतरलेले बोलणे

गेल्या पावसाळ्यापूर्वीची गोष्ट. खानापूर तालुक्यातील आमच्या ह्या लहानशा गावी दफनभूमीची भिंत एका बाजूने ढासळली होती. ती नव्याने बांधण्यासाठी पॅरिश कौन्सिलची सभा भरली. बारा पुरुष, तीन स्त्रिया आणि अध्यक्षस्थानी आम्ही. इतिवृत्ताची वहीही आमच्याच हाती. कारण आमचे अक्षर बरे, असा गावाचा समज आहे.

चिऱ्याची भिंत किती उंच असावी, ह्यावर वाद चालला असता एक बाई म्हणाल्या, "फादर, उंचीचं मागाहून बघू. खाली पाणी जायला मोऱ्या ठेवा. टेकडीचं पाणी भिंतीमागं तुंबतं, म्हणून ती पडली." ह्या बाईंनी ऐन उमेदीची वर्षे बांधकामावर घमेली वाहण्यात घालविली आहेत. आम्ही स्नेहाने मान डोलाविली, "बरं, बरं" म्हटले आणि चर्चा पुन्हा उंचीवर गेली. दहा मिनिटांनी कौन्सिलमधील एक वयस्क गवंडी तेच बोलले. सभा गंभीर झाली. आम्ही लेखणी उचलली आणि त्यांच्या नावाने लिहिले, की ह्यांच्या सूचनेवरून भिंतीस मोऱ्या ठेवण्याचे सर्वानुमते ठरले.

पुढील सभेत आम्ही इतिवृत्त वाचून दाखवीत असता ते गवंडी उठून उभे राहिले. "फादर, ती सूचना माझी नव्हे. ह्या बाईंची. त्या बोलल्या तेव्हा कुणी ऐकलं नाही, म्हणून मी तेच मोठ्यानं बोललो."

बाई पदर सावरीत म्हणाल्या, "नाव कुणाचंबी राहू दे फादर. मोऱ्या तेवढ्या विसरू नका."

सभा हसली. आम्हीही हसलो आणि सुटलो असे आम्हांस वाटले. रात्री मात्र झोप येईना. आम्ही स्त्रियांस कमी लेखतो काय, असे कोणी विचारले असते तर आम्हांस राग आला असता. पवित्र मरियेच्या थोरवीवर आम्ही किती प्रवचने दिली असतील! आणि त्या बाईंचे नाव गाळावे असे आम्ही ठरविलेही नव्हते. त्यांचे शब्द कानी पडले होते. परंतु ते सूचना म्हणून पडले नाहीत, बायकांचे बोलणे म्हणून पडले. बाईंच्या निःस्पृहतेचा आधार घेऊन मन शांत करण्याचा मोहही झाला. पण जिला लहानपणापासून पुढे पुढे करू नको असेच शिकविले, तिने आपले नाव मागितले नाही, ह्यात आमची सुटका कशी? उठून दिवा लावला, ते वाक्य खोडले, बाईंचे नाव घातले आणि खाली सही केली. ती खाडाखोड वहीत ठळक दिसते. दिसू द्यावी.

एका कागदावर मात्र स्त्रीचे नाव अगत्याने लिहिले जाते. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने ख्रिस्ती मुलीस मुलाइतकाच वाटा दिला आहे. तरी बाप वारला, महिन्याची मिस्सा झाली, की भाऊ हक्कसोडपत्र पुढे करतो. आणि माहेरचे दार उघडे राहावे म्हणून बहीण त्यावर सही करते. तिच्या हाती साडी येते. घरात भांडण नको, ह्या भल्या हेतूने अशा एका कागदावर आम्ही साक्षीदार म्हणून सही केली आहे. आज ती करवणार नाही.

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात कबरेकडून परतलेल्या स्त्रियांची हकीकत आहे. त्यांनी आणलेली वार्ता प्रेषितांस निरर्थक वाटली. ह्या प्रेषितांच्या मनात त्यांच्याविषयी द्वेष नव्हता. ह्याच स्त्रिया गालीलापासून त्यांच्याबरोबर आल्या होत्या, काहींनी स्वतःच्या पैशाने त्यांची सेवा केली होती. दर पुनरुत्थान सणाच्या दिवसांत आम्ही हा प्रसंग समजावून सांगत आलो, आणि चूक नेहमी प्रेषितांचीच दिसली. पेत्र निदान उठून कबरेकडे धावला. आम्ही तर बसल्या जागी मान डोलाविली.

पवित्र गुरुवारच्या पाय धुण्याच्या विधीचेही असेच झाले होते. पोप पायस बारावे ह्यांनी १९५५ साली पवित्र सप्ताहाचे विधी सुधारले, तेव्हा हा विधी सायंकाळच्या मिस्सात घेण्याची मोकळीक मिळाली. पण निवडावयाचे ते पुरुष, असा नियम राहिला. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१३ साली रोममधील अल्पवयीनांच्या तुरुंगात बारा जणांचे पाय धुतले, त्यांत दोन मुली होत्या. जानेवारी २०१६ च्या आदेशाने स्त्रियांनाही निवडण्यास अनुमती मिळाली. आमच्या गावी त्यानंतरही बारा पुरुषच बसत राहिले. कोणी विरोध केला नव्हता. आम्ही विचारलेच नव्हते.

यंदा सहा स्त्रियांना विचारले. दोघींनी साफ नाकारले. एक म्हणाली, टाचांना भेगा पडल्या आहेत, लाज वाटते. भातशेतीत राबणाऱ्या तिच्या नवऱ्याचे पाय काही निराळे नाहीत, पण तो दरवर्षी निःसंकोच बसतो! दुसऱ्या म्हाताऱ्या आजी होत्या. "फादरनी बाईमाणसाच्या पायाशी वाकायचं? मला बघवायचं नाही," त्या म्हणाल्या. पेत्रालाही प्रथम तेच वाटले होते, असे आम्ही सांगून पाहिले. आजींनी ऐकून घेतले, पण त्या आल्या नाहीत. चौघी मात्र बसल्या. मोऱ्यांवाल्या बाई त्यांत होत्या. सिमेंटने खाल्लेली त्यांची बोटे पुसताना आमची मान वर झाली नाही. वृद्ध कुरकुरतील अशी आम्हांस धास्ती होती. तोंड फिरविले ते पहिल्या बाकावरील एका शिकलेल्या तरुणाने.

आम्ही सुधारलो, असे वाचकांनी समजू नये. भिंतीची दुसरी बाजू सध्या बांधली जात आहे. मोऱ्या किती अंतरावर ठेवू, असे विचारीत कामगार परवा आमच्या दारी आला. आम्ही सहज म्हणालो, "बाईंच्या मालकांना विचार जा." तो गेला आणि थोड्या वेळाने आमच्या अंगणातूनच परत दफनभूमीकडे चालला. काय झाले म्हणून हटकले, तर तो म्हणाला, "मालक म्हणाले, मला त्यातलं काय कळतंय? ती तिकडं भिंतीजवळच उभी हाय, तिलाच विचार."